चाकांवरचे दुकान

कर्वेनगरात दुपारी दीड-दोनच्या सुमारास, शाळांच्या गाड्या परतण्यापूर्वी, रस्ते जरा मोकळे असतात. याच वेळी वनदेवी मंदिराच्या बाजूला किंवा हिंगणे होम कॉलनीत एखादी गृहिणी रिक्षातून उतरते, मागच्या जागेतून भली मोठी चाकांची बॅग ओढून काढते आणि एखाद्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरते. पाहणाऱ्यास वाटावे, कोणाकडे पाहुणी आली. वास्तविक त्या बॅगेत तिचे दुकान असते. वरच्या मजल्यावर भिशीसाठी पंधरा-वीस भगिनी जमलेल्या असतात. भिशीची चिठ्ठी निघाली, अल्पोपाहार झाला, की बॅग उघडते आणि खाकरा, मुखवास, पापड, कुठे साड्या, कुठे इमिटेशनचे दागिने, कुठे स्वयंपाकघरातील डबे गालिच्यावर मांडले जातात. चौविहार पाळणाऱ्या घरांतील भगिनींना सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचावयाचे असते, म्हणून पाचच्या आत सारे आटोपते.

घरी येऊन विकण्याची ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. लग्नसराईत बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून कासार घरी येत असे. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीण डोक्यावर टोपली घेऊन वाड्यात येई. कापडाचे गाठोडे सोडून बसणारा विक्रेता दोन-दोन तास उठत नसे. आणि लोटा-दोरी घेऊन महाराष्ट्रात उतरलेल्या पूर्वजांच्या कथा ज्या घरांत आजही सांगितल्या जातात, त्यांना खांद्यावरच्या दुकानाचे अप्रूप असण्याचे कारण नाही. अमेरिकेत या पद्धतीला कंपनीचे शिस्तबद्ध रूप मिळाले ते टपरवेअरमुळे. १९५१ साली त्या कंपनीने दुकानांतील विक्री बंद करून केवळ घरगुती मेळाव्यांतून माल विकण्याचे ठरविले. त्यामागे ब्राउनी वाइज या महिलेची कल्पकता होती, आणि १९५४ साली ‘बिझनेस वीक’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली महिला ठरली. भारतात ही कंपनी १९९६ साली आली आणि शहरांतील मध्यमवर्गीय स्त्रियांना ‘डेमो’ हा शब्द परिचयाचा झाला. त्याच मूळ कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले, हाही व्यापाराचाच एक धडा आहे. पण तो विषय वेगळा.

येथे प्रश्न साधा आहे. हे दुकान ज्या पेटीतून न्यावयाचे, ती पेटी कशी निवडावी? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु पेढीसाठी गाळा घेताना रस्त्याची रुंदी, शटरची उंची आणि माल उतरविण्याची जागा पाहणारी मंडळी घरातील सुनेच्या चाकांवरील दुकानासाठी मात्र सवलतीत मिळालेली पहिली बॅग उचलतात, असे वारंवार दिसते.

कर्वेनगरातील अशाच एका सुनेची हकीकत सांगण्याजोगी आहे. कुटुंब स्थानकवासी, घरचे किराणा दुकान, त्यामुळे चरितार्थाची चिंता नाही. लेकीच्या शिक्षणासाठी स्वतःच्या नावे एक आवर्ती ठेव चालवावी आणि तिचा हप्ता घरखर्चातून नव्हे, स्वतःच्या कमाईतून भरावा, एवढ्या इच्छेने तिने खाकरा आणि मुखवासाची घरगुती विक्री सुरू केली. आठवड्याला दोन भिशा मिळू लागल्या. माल वाढला, तशी तिने ऑनलाइन सवलतीत एक मोठी, चकचकीत, कडक कवचाची चार चाकांची बॅग मागविली. दिवाणखान्याच्या फरशीवर ती बोटाने ढकलली तरी चाले. सर्वांनी कौतुक केले.

तिसऱ्या आठवड्यात गिरिजाशंकर विहार परिसरातील एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बोलावणे होते. लिफ्ट नव्हती. फाटकापाशी उतार होता. रिक्षावाल्याला पैसे देण्यासाठी तिने हात सोडला आणि चारही चाके मोकळी फिरणारी ती बॅग उतारावरून आपणहून निघाली, पेव्हर ब्लॉकच्या फटीत एक चाक अडकले आणि बॅग आडवी झाली. चाक तुटले. उरलेली वाट तिने ती बॅग उचलून नेली. तीन मजले, चोवीस किलो. वर पोहोचल्यावर खाकऱ्याची अकरा पाकिटे चुरा झालेली निघाली. रात्री उजवा खांदा उचलेना. डॉक्टरांनी दोन आठवडे वजन न उचलण्यास सांगितले.

घरात जे बोलणे व्हावयाचे तेच झाले. सासूबाई प्रेमानेच म्हणाल्या, “बेटा, घरचं दुकान आहे. तू का गाठोडी वाहतेस? बंद कर हे.” पतीचेही तेच मत पडले. तिने वाद घातला नाही. केवळ इतकेच म्हणाली, “मम्मीजी, हप्ता मग कशातून भरू?” याला कोणापाशी उत्तर नव्हते, कारण दुकानातून भरता येईल हे उत्तर सर्वांना ठाऊक होते आणि ते तिला नको होते, हेही ठाऊक होते.

सासरे व्याख्यानाहून परतले, त्यांनी सारे ऐकून घेतले आणि बॅगेविषयी एक शब्दही न बोलता तिची विक्रीची वही मागितली. नंतर दुकानातील वजनकाटा मागविला. बॅग रिकामी साडेचार किलो भरली. खाकऱ्याची दोनशे ग्रॅमची ४० पाकिटे म्हणजे ८ किलो. मुखवासाच्या २० बरण्या, बरणीसह प्रत्येकी २०० ग्रॅम, म्हणजे ४ किलो. पापडाची अर्ध्या किलोची १२ पाकिटे म्हणजे ६ किलो. नमुन्याची ताटे, लहान काटा, बिलबुक मिळून दीड किलो. एकूण २४. मग वहीतील मागील दहा भिशांची सरासरी काढली. दर वेळी खाकऱ्याची २२ पाकिटे, ९ बरण्या आणि पापडाची ४ पाकिटे विकली गेली होती. म्हणजे १८ किलो मालापैकी ८ किलो २०० ग्रॅम माल विकला जाई आणि ९ किलो ८०० ग्रॅम माल फिरून घरी येई.

“पप्पाजी, माल कमी दिसला तर बायका घेत नाहीत,” ती म्हणाली.

“खाकऱ्याचं खरं आहे. पापड कोणी बघून घेतं का? पापडाचं नाव बघून घेतात,” सासरे म्हणाले. “पापडाची दोन पाकिटं ने, तळून दाखव, ऑर्डर लिहून घे. शनिवारी दुकानाची गाडी त्या बाजूला जातेच.”

ज्या गृहस्थाने आयुष्यभर गोदामातील पडून राहिलेल्या मालावर व्याज मोजले, त्याला सुनेच्या बॅगेतील पडून राहिलेला माल चटकन दिसला, यात नवल नाही. पडीक माल गोदामात असेल तर व्याज खातो, बॅगेत असेल तर खांदा खातो. परिग्रहाचे परिमाण हा शब्द त्या घरात रोजच्या बोलण्यातला. पण त्या दिवशी तो कोणी उच्चारला नाही. काट्यावर आकडे दिसत होते, ते पुरेसे होते.

नवीन हिशेब असा बसला: खाकऱ्याची २४ पाकिटे, १२ बरण्या, पापडाची २ पाकिटे आणि दीड किलोचे इतर साहित्य, म्हणजे सुमारे ९ किलो ७०० ग्रॅम. आता कुठे बॅग कोणती, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली.

सामानाला चाके लावण्याची कल्पना माणसाला किती उशिरा सुचली, हे पाहण्यासारखे आहे. बर्नार्ड सॅडो या अमेरिकी गृहस्थाला चाकांच्या सूटकेसचे पेटंट १९७२ साली मिळाले. त्यापूर्वी माणूस चंद्रावर जाऊन आला होता. मोठमोठ्या दुकानांनी आरंभी ती नाकारली, कारण पुरुष स्वतःची बॅग ओढत नेतील आणि स्त्रियांना बॅग वाहून द्यावयास कोणी नसेल, ही कल्पनाच त्यांना पटेना. सॅडो यांची बॅग चार चाकांची होती आणि पट्ट्याने ओढावयाची होती. उभी बॅग तिरकी करून दोन चाकांवर, लांब दांड्याने ओढण्याची रचना १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने केली. आज बाजारात दिसणारे दोन मुख्य प्रकार या दोन विचारांतूनच आले आहेत, आणि घरगुती विक्री करणाऱ्या भगिनीने प्रथम ठरवावयाचे ते हेच: चाके दोन की चार?

चार फिरती चाके विमानतळासाठी उत्तम. फरशी सपाट असते आणि बॅगेचा भार हातावर येत नाही. परंतु कर्वेनगरच्या सोसायट्यांत फाटकाचा उतार, पेव्हर ब्लॉक, गटाराची जाळी, जिन्याची पहिली उंच पायरी अशी ती वाट असते. फिरत्या चाकांचा आस बारीक असतो, ती बॅगेच्या बाहेर आलेली असतात आणि धक्का प्रथम त्यांनाच बसतो. दोन चाकांच्या बॅगेत चाके तळाच्या कोपऱ्यात अर्धी आत बसलेली असतात, बहुधा आकाराने मोठी असतात आणि उभी केली की बॅग जागची हलत नाही. तिरकी ओढताना थोडा भार मनगटावर येतो, हे खरे. तरीही रस्त्यावरच्या व्यापाराला दोन चाकेच बरी. खरेदी करताना बॅग उलटी करून पाहावी. चाक रबरासारख्या मऊ आवरणाचे असावे, निव्वळ कडक प्लॅस्टिकचे नसावे. आणि ते स्क्रूने बसविलेले असावे. रिव्हेटने ठोकलेले चाक तुटले की सहसा बॅगच टाकून द्यावी लागते. दुकानदार याविषयी आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.

ओढण्याचा दांडा पूर्ण बाहेर काढून डावी-उजवीकडे हलवून पाहावा. किंचित हालचाल चालेल. खडखडाट चालणार नाही. जिन्यासाठी मात्र हा दांडा उपयोगाचा नसतो. बॅग दांड्याने उचलण्याची सवय फार जणांना असते आणि दांडे त्यामुळेच निखळतात. उचलण्यासाठी वर एक आणि बाजूला एक अशा दोन शिवलेल्या मुठी हव्यात, आणि त्यांची शिवण आतून पाहून घ्यावी. आपल्या समाजातील भगिनींनी आणखी एक गोष्ट पाहावी: मूठ किंवा किनार चामड्याची नाही ना. बहुतेक बॅगा कृत्रिम असतात, परंतु काही महागड्या बॅगांना शोभेसाठी चामड्याची पट्टी लावलेली असते.

आता कवच. पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिप्रॉपिलीनचे कडक कवच पावसात चांगले, आणि असा माल महाराष्ट्रातच तयार होतो. नाशिक परिसरात सूटकेसचे मोठे कारखाने आहेत. पण कडक बॅग बहुधा मधोमध दुभंगते आणि उघडल्यावर दुप्पट जागा व्यापते. वीस भगिनी बसलेल्या दिवाणखान्यात तेवढी मोकळी जमीन मिळत नाही, आणि दोन्ही अर्ध्या भागांत माल असल्यास एक बाजू उघडताना दुसरीकडचा माल सरकतो. शिवाय कवच कडक म्हणून आतला खाकरा सुरक्षित, हा भ्रम आहे. त्या दिवशी कवचावर ओरखडाही नव्हता. पाकिटे एकमेकांवर आपटून फुटली होती. कापडी बॅग समोरून झाकणासारखी उघडते आणि तिला बाहेरून खण असतात, पण तिचा माल बाहेरच्या दाबाने चेपतो.

वाट निघाली ती सुनेच्या स्वयंपाकघरातून. रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन तिने औजारांची चाकांची पेटी पाहिली होती. मजबूत, वरून उघडणारी, पण रिकामीच जड. सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या भगिनी वापरतात ती कप्प्या-कप्प्यांची ट्रॉलीही पाहिली; लिपस्टिकसाठी सुरेख, पण खाकऱ्याचे पाकीट त्या कप्प्यांत बसत नाही. घडीच्या ट्रॉलीवर क्रेट बांधून नेण्याचा पर्याय सर्वांत स्वस्त होता. ज्यांचे गिऱ्हाईक तळमजल्यावरच असते त्यांनी तो जरूर करावा. अखेर तिने मध्यम आकाराची, दोन चाकांची, कापडी, समोरून उघडणारी बॅग घेतली आणि तिच्यात नेमके बसतील असे घट्ट झाकणाचे चार चौकोनी डबे घेतले. तीन डब्यांत खाकऱ्याची आठ-आठ पाकिटे, चौथ्यात बरण्या. पापडाची दोन पाकिटे बाहेरच्या खणात. डब्यांमुळे पाकीट पाकिटावर आपटेनासे झाले. बॅग जमिनीवर पसरण्याची गरज उरली नाही. डबे थेट यजमानीणबाईंच्या टेबलावर जाऊन बसतात आणि झाकण काढले की तेच मांडणीचे ताट होते.

पण या व्यवस्थेचा खरा लाभ जिन्यावर कळला. बॅग, डबे, माल मिळून वजन पंधरा किलोच्या आसपास. लिफ्ट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर बॅग खालीच राहते, सर्वांत जड डबाही तीन किलोच्या आत असतो, आणि दोन-दोन डबे घेऊन दोन खेपांत सारे वर जाते. बहुधा एवढेही करावे लागत नाही, कारण चोवीस किलोची बॅग उचलण्यास कोणी पुढे येत नाही, पण हलका डबा घेण्यास यजमानीणबाईंची मुलगी आनंदाने खाली येते. ओझे निवडताना ते किती आहे याइतकेच ते वाटता येते का, हे पाहावयाचे असते. आणि जी पेटी सारा माल एकाच कवचात कोंडते, तिच्यात ती सोय नाही.

रिक्षाऐवजी स्वतःच्या स्कूटरवरून जाणाऱ्या भगिनींसाठी एक सूचना. बॅग पायांच्या जागेत उभी करून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, ते गाडी उभी असतानाच पाहावे. वळताना हँडल बॅगेला अडत असेल, तर बॅग कितीही सुंदर असो, ती त्या गाडीसाठी नव्हे. राजाराम पुलाच्या चौकात हे कळून उपयोग नाही.

व्यापारी घरांना हिशेब सांगणे धाडसाचे, तरी दोन आकडे मांडण्यासारखे आहेत. आठवड्याला दोन भिशा, पर्युषणाचे आठ दिवस, सण आणि प्रवास वगळून वर्षाच्या शंभर फेऱ्या होतात. दीड हजारांची बॅग आठ महिन्यांत मोडली, तर फेरीला सुमारे बावीस रुपये पडले. सहा हजारांची चार वर्षे टिकली, तर पंधरा. मोडलेल्या दिवशी चुरा झालेला माल आणि चुकलेली भिशी यांत धरलेली नाही. बॅगेवर १८ टक्के जीएसटी असतो. नोव्हेंबर २०१७ पूर्वी तो २८ टक्के होता. ५,९०० रुपयांच्या बॅगेत ९०० रुपये कर आहे. नोंदणीकृत व्यवसायाच्या नावे बिल घेतले तर करपात्र मालाच्या प्रमाणात त्याची वजावट मिळू शकते. खाकऱ्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून कर नाही, तेव्हा निव्वळ खाकरा विकणाऱ्यास ही वजावट मागता येणार नाही. बिल मात्र घ्यावेच, वॉरंटीसाठी.

दुकानाचा माल अशा विक्रीसाठी बाहेर नेताना आणखी एक शिस्त हवी. दुकान नोंदणीकृत असल्यास सोबत डिलिव्हरी चलन व बिलबुक असावे. विकेल त्याचे बिल जागेवर, उरेल तो चलनावर परत. ज्या भगिनी स्वतःचा नव्हे तर एखाद्या थेट-विक्री कंपनीचा माल विकतात, त्यांना डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेले ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम लागू आहेत. ओळखपत्राशिवाय आणि वेळ ठरविल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. म्हणून बॅगेला बाहेरून एक सपाट, चेन असलेला खण हवा: चलन, बिलबुक, ओळखपत्र आणि विक्रीची वही त्यात राहते. वही मालाच्या खाली दडली की ती लिहिली जात नाही.

कर्वेनगर हे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून ते शहरातून हिंगण्यापर्यंत पायी येत, तेव्हा या भागात ना उड्डाणपूल होता, ना पेव्हर ब्लॉक. स्त्रीने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा हट्ट या मातीत तेव्हापासून आहे. त्याच भागात एक सून आज स्वतःच्या कमाईतून लेकीच्या ठेवीचा हप्ता भरते, आणि त्यासाठी तिला एका धड चाकाची गरज होती.

मोडलेली मोठी बॅग अद्याप त्या घरात आहे. तिचे चाक बदलता येत नाही, म्हणून सासूबाईंनी तिच्यात हिवाळ्याच्या रजया भरून ती माळ्यावर ठेवली आहे. सासरे दर महिन्याच्या अखेरीस सुनेची वही मागतात आणि किती माल विकला याच्या आधी किती परत आला, ते पाहतात. गेल्या खेपेस खाकऱ्याची दोन पाकिटे आणि तीन बरण्या परत आल्या होत्या. पापडाच्या ऑर्डरी अकरा होत्या. शनिवारी दुकानाच्या गाडीत त्या पोहोचविण्याचे काम आता पतीकडे आहे.